कृष्णेच्या पाण्यामागोमाग

गुरुवार : वाई, धोम, सातारा

धोम धरणावर आम्ही पोचलो तेव्हा कालव्याला पाणी सुरू होतं. मार्चचा पहिला आठवडा. जलाशय बराच उतरलेला, काठाचा गाळ तडकलेला, आणि पलीकडे पांडवगडाच्या अंगावर गवताचा एक हिरवा तुकडा शिल्लक नाही. "साडेतेरा टीएमसीचं धरण. हे पाणी आता पार कोरेगावपर्यंत जायचंय," मामा म्हणाले. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. मामा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण कालवा दिसला की आधी भरावाला पाझर आहे का ते बघतात, मग बाकीचं.

हा प्रवास ठरला तो सांगलीतल्या आमच्या घरावरून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तळमजला पाण्याखाली होता, आणि त्याच महिन्यात आटपाडीकडच्या मावशीच्या गावात टँकर चालू होते. एकच जिल्हा, एकच नदी. तेव्हापासून मला महाबळेश्वरपासून सांगलीपर्यंत पाण्याच्या मागं मागं सलग जाऊन बघायचं होतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आटपाडीला पाचशेही धड होत नाही. या दोन आकड्यांच्या मध्ये माणसानं जे काही बांधलंय, ते बघायला आम्ही निघालो.

वाईत मेणवलीचा घाट बघितला, ढोल्या गणपतीला हात जोडले. वाईवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी तिथं रेंगाळत नाही.

साताऱ्यात मात्र थांबले. राजवाड्याजवळची ती शाळा, आजचं छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजींचा भिवा इथं इंग्रजी पहिलीत दाखल झाला. हा भिवा म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर, म्हणून तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बाबासाहेब म्हटलं की आपल्याला संविधान आठवतं, महाडचं तळं आठवतं. पण १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि पाटबंधारे व वीज ही खातीही त्यांच्याचकडे होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. नदीचं खोरं हा एकच संसार मानायचा, पूर आवरणं, शेतीला पाणी, वीज आणि नावांची वाहतूक ही कामं एकाच आराखड्यात बसवायची, हे धोरण या देशात त्यांच्या हाताखाली आकाराला आलं. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात दामोदर खोऱ्याच्या परिषदेचे अध्यक्ष तेच होते. त्याच वर्षी केंद्रानं जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन यांचा मिळून एक आयोग नेमला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचा तो पूर्वज.

मामांना यातलं अर्धंअधिक नवं होतं. "एवढी वर्षं नोकरी केली, पण खात्यात कुणी हे सांगितलं न्हाई," ते म्हणाले, आणि शाळेच्या फाटकाशी बराच वेळ उभे राहिले.

शुक्रवार : बामणोली

कासच्या पठारावर या दिवसांत फुलं नसतात, गर्दीही नसते. पठार ओलांडून गाडी बामणोलीच्या उतारावर लागली आणि खाली शिवसागर दिसायला लागला. कोयना धरणानं अडवलेला हा जलाशय पन्नास किलोमीटर लांबीचा आहे. महाबळेश्वरच्या पायथ्यापासून कोयनानगरपर्यंत डोंगरांच्या फटीफटीत पाणी शिरलंय.

सातारा-सांगलीत बोटीनं रोजची वाहतूक कुठं चालते, असं कुणी विचारलं तर उत्तर इथं आहे. बामणोलीच्या धक्क्यावर पर्यटकांच्या बोटी वेगळ्या, वासोट्याला जाणाऱ्या. पण आम्ही पलीकडच्या गावांना जाणाऱ्या लाँचमध्ये बसलो. आत तांदळाची दोन पोती, एक गॅसची टाकी, पत्र्याची पेटी, औषधांची पिशवी घेतलेला एक मुलगा आणि साताऱ्याच्या दवाखान्यातून परत निघालेल्या एक आजी. कांदाटी खोऱ्यातली. गावातली बहुतेक कर्ती माणसं मुंबईत, गावात म्हातारी माणसं आणि गणपतीला भरणारी घरं.

"धरणाच्या आधी कसं होतं, आजी?"

"आधी चालत जायाचो की. हिकडनं तिकडं. नदी केवढीशी, उन्हाळ्यात गुडघाभर. भाताची खाचरं समदी खाली ऱ्हायली." त्यांनी बोटीच्या कडेनं पाण्याकडं हात केला. "आता लाँच चुकली की दिस गेला."

कोयनेच्या जलाशयात शंभराच्या आसपास गावं गेली. माणसं कुठं कुठं पांगली: ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली. ज्यांचं घर वाचलं त्यांचा रस्ता बुडाला. धरण बांधणाऱ्यांनी ही बोट योजनेत मांडली नव्हती, ती गरजेतून आली. राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ मध्ये, म्हणजे कोयनेची भिंत उभी राहून दहा-बारा वर्षं झाल्यावर. त्या खातेदारांची तिसरी पिढी अजून जमिनीच्या सातबाऱ्यासाठी आंदोलनाला बसते. वीज राज्यभर गेली. ज्यांच्या शेतावर ते पाणी उभं आहे त्यांचं देणं आजही फिटलेलं नाही, आणि याबद्दल मी सौम्य शब्द वापरायला तयार नाही.

तापोळ्याकडे गाड्या पलीकडे न्यायला तराफा आहे. जीप, मोटारसायकली, कधी लग्नाचं वऱ्हाड, सगळं त्यावर चढतं. तिकडं आता मोठा पूलही उभा राहतोय. पूल झाला की लाँचचं काय, असं मी लाँच चालवणाऱ्याला विचारलं. "पूल एका जागी आसतो ताई, गावं धा जागी हायत," तो म्हणाला. ते बरोबर आहे. पाण्यावरची वाहतूक या खोऱ्यात टिकवायची असेल तर तिचं वेळापत्रक, धक्के, जीवरक्षक जाकिटं, रात्रीच्या आजाऱ्यासाठी एक बोट, हे सगळं एस.टी.सारखं सार्वजनिक सेवा म्हणून व्हायला हवं.

दुपारी बामणोलीतच पिठलं-भाकरी खाल्ली. साताऱ्यावरून खाली उतरून उंब्रजला वळलो आणि रात्री पाटण गाठलं.

शनिवार : कोयनानगर

सकाळी नेहरू उद्यानातून भिंत बघितली. १०३ मीटर उंच, ८०७ मीटर लांब. १९५० च्या दशकात काम सुरू झालं आणि ६० च्या दशकात पाणी अडलं. मधोमध सहा वक्र दरवाजे, त्या दिवशी अर्थातच बंद. साठवण क्षमता आता १०५.२५ टीएमसी.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथं साडेसहा रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं. भिंतीला तडे गेले पण ती उभी राहिली, पुढं तिला मागून आधार देऊन मजबूत केलं. जलाशयामुळे भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नावर जगभरचे भूशास्त्रज्ञ आजही कोयनेचं उदाहरण घेतात, आणि जमिनीत खोल भोक पाडून त्याचा अभ्यास करणारी केंद्राची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. मामा तेव्हा शाळेत होते. कराडमध्ये फळीवरची भांडी खाली आली होती एवढं त्यांना आठवतं.

आता पाण्याचा हिशोब, कारण या प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या मते इथं आहे.

कोयनेचं पाणी दोन दिशांना जातं. एक वाट पश्चिमेला. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून ते कोकणात पोफळीला साडेचारशे मीटरहून जास्त खाली कोसळतं. तिथं पहिल्या दोन टप्प्यांचे ६०० मेगावॉट. तेच पाणी पुढं कोळकेवाडीला अडवून तिसऱ्या टप्प्यात ३२० मेगावॉट. चौथा टप्पा १००० मेगावॉटचा. त्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाखालून बोगदा आणून शेवटचा खडक पाण्याखालीच फोडला. 'लेक टॅपिंग' हा शब्द त्या दिवशी महाराष्ट्रभर झाला. या सगळ्या वीजगृहांतून सुटलेलं अवजल वाशिष्ठीत मिळतं, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत, आणि मग अरबी समुद्रात.

दुसरी वाट पूर्वेला. धरणाच्या पायथ्याशी २० मेगावॉटचे दोन संच आहेत. एका संचातून १,०५० क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट), दोन्ही चालू असले की २,१०० क्युसेक पाणी कोयनेच्या मूळ पात्रात सुटतं आणि कराडला कृष्णेला मिळतं. सांगलीत उन्हाळ्यात पिकं उभी राहतात ती या पाण्यावर. सगळं मिळून १,९६० मेगावॉट, आणि त्यातले पूर्वेचे फक्त ४०.

मी वहीत आकडेमोड केली. हजार लिटर पाणी पोफळीला पडलं की साधारण एक युनिट वीज होते. तेच हजार लिटर पायथा वीजगृहातून सोडलं तर त्याच्या सहाव्या हिश्शाएवढीच. वीजवाल्याला पाणी पश्चिमेला न्यायचा मोह का होतो ते यातून कळतं. म्हणूनच कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं लगाम घातला: कोयनेतून पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसीच. लवाद १९६९ मध्ये नेमला, निवाडा १९७३ मध्ये आला, त्यात कृष्णेच्या २,०६० टीएमसीपैकी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८०० टीएमसी मिळालं. लवादानं राज्याराज्यांत वाटणी केली. राज्याच्या आत वीज आणि शेतीत, साताऱ्यात आणि सांगलीत कशी वाटणी करायची हा तंटा आपल्यावर राहिला. २०२३ ला पाऊस कमी झाला तेव्हा कोयनेतून सांगलीला पाणी कधी आणि किती सोडायचं यावरून दोन जिल्ह्यांत केवढी ओढाताण झाली ते सगळ्यांनी बघितलंय.

"वीज काय, दुसरीकडनं बी करता येती," मामा म्हणाले. "कोळसा हाय, ऊन हाय, वारा हाय. पाणी दुसरीकडनं कुठनं आणणार?"

मला यात एक गोष्ट जोडायची आहे. संध्याकाळी विजेची मागणी एकदम चढते तेव्हा कोयनेसारखं काही मिनिटांत चालू होणारं वीजगृह फार मोलाचं असतं, आणि सौर वीज वाढतेय तसं ते मोल वाढतंय. म्हणून पश्चिमेचं पाणी सरसकट बंद करा, असं मी म्हणणार नाही. पण टंचाईच्या वर्षी कुठल्या तारखेपासून पूर्वेला प्राधान्य, हे आधी लिहून ठेवलेलं असावं. ते दरवर्षी बैठकीत भांडून ठरू नये.

संध्याकाळी कराड. प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात, काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी. शनिवार असल्यानं भेळेच्या गाड्यांवर कराडकर लोटलेले.

रविवार : मसूर, टेंभू

कराडहून आधी मसूरला गेलो. वाट थोडी वाकडी, पण मला ते स्टेशन बघायचंच होतं.

१९०१ मध्ये बाबासाहेबांचे वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात माणसं मरत होती, त्यांना काम मिळावं म्हणून सरकार तिथं तलाव खोदत होतं. साताऱ्याहून भिवा, भाऊ आणि भाचे रेल्वेनं वडिलांकडे निघाले. मसूरला उतरले. नवे कपडे, हौसेनं केलेली तयारी. स्टेशनमास्तरला जात कळली. बैलगाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही गाडी पोरांनीच हाकायची या अटीवर. जवळ भाकरी होती, पण प्यायला पाणी कुणी दिलं नाही. रात्रभर ती पोरं तहानलेली राहिली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

मसूर स्टेशनवर आज गाडी थांबते, नळ आहे, नळाला पाणी आहे. मी तिथं उभी राहून विचार करत होते की ज्या मुलाला कृष्णेच्या खोऱ्यात घोटभर पाणी मिळालं नाही, त्यानंच चव्वेचाळीस वर्षांनी देशातल्या नद्यांच्या पाण्याचं धोरण मांडलं. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकला ओडिशाच्या नद्यांवर बोलताना त्यांचा मुद्दा हा होता की जास्तीचं पाणी हे संकट समजून समुद्राकडे हाकलून द्यायचं नसतं, पाणी ही संपत्ती आहे, ती साठवावी आणि तिच्यापासून शेती, वीज, नौकानयन असे सगळे लाभ घ्यावेत. बांध घालून पूर अडवण्याच्या जुन्या उपायावर त्यांचा भरवसा नव्हता. गोरेगावच्या तलावाचं काम त्यांनी लहानपणी पाहिलं होतं, ते या विचारात कुठंतरी असणार, असं मला मनापासून वाटतं.

मामा काही बोलले नाहीत. नळाला तोंड लावून पाणी प्याले.

कराडच्या जवळ खोडशीला ब्रिटिश अमलात, एकोणिसाव्या शतकात बांधलेला बंधारा आहे. तिथून निघणारा कृष्णा कालवा नदीच्या काठाकाठानं, उतारावरून आपोआप वाहतो. पंप नाही, बिल नाही. तिथून टेंभूला पोचलो की दोन युगांतला फरक दिसतो. टेंभू म्हणजे गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. इथं कृष्णेवर बॅरेज घालून पाणी पंपांनी उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं चढवत कडेगाव, खानापूर, तासगाव, कवठे महांकाळ, आटपाडी आणि पार सांगोल्यापर्यंत नेतात. मूळ योजना २२ टीएमसीची, सुमारे ८० हजार हेक्टरांसाठी. १९९६ मध्ये मंजुरी मिळाली, त्याच वर्षी महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळही स्थापन झालं. पाणी शेवटच्या गावापर्यंत जायला दोन दशकं गेली, आणि काही गावांची वाट अजून संपलेली नाही.

पंपगृहाच्या बाहेर उभं राहिलं की जमीन थरथरते. पाणी हजार लिटर, चढ तीनशे मीटर धरला, तर पंपाचा तोटा जमेस धरून जवळपास एक युनिट जळतं. म्हणजे कोयनेत पाणी पश्चिमेला पाडून जेवढी वीज मिळाली, जवळजवळ तेवढीच तेवढं पाणी पूर्वेला चढवायला लागली. हे दोन आकडे एका वहीत, एका माणसानं, एका वेळी मांडलेले मला कुठल्याही सरकारी कागदात भेटलेले नाहीत. वीजनिर्मितीचा हिशोब एका खात्यात, उपसा सिंचनाचा दुसऱ्या, पुराचा तिसऱ्या आणि बोटींचा कुणाकडेच नाही. १९४५ चा विचार नेमका इथं तुटला.

दामोदरलाही तो पुरता पेलला नाही, हे सांगायला हवं. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या नमुन्यावर १९४८ मध्ये महामंडळ झालं, आराखड्यात होती त्यापेक्षा कमी, चारच धरणं तेव्हा बांधून झाली, आणि दुर्गापूरपासून नावांसाठी काढलेल्या कालव्यात वाहतूक रुजली नाही. संपूर्ण नदीसाठी मंडळ नेमायचा कायदा १९५६ मध्ये देशात आला, पण त्याखाली एकाही नदीचं मंडळ झालं नाही. त्याच वर्षीचा पाणीतंटा कायदा मात्र भरपूर वापरला गेला.

सुर्लीचा घाट चढून कडेपूर, विटा. रात्री आटपाडीत मावशीकडे.

सोमवार : आटपाडी

मावशीच्या अंगणातून माणदेश दिसतो: बाभळी, बोडके माळ, आणि त्यात मधेच डाळिंबाचे हिरवे पट्टे. हे पट्टे माझ्या लहानपणी नव्हते. तेव्हा गावातले तरुण दोनच कामांना जायचे, मेंढरामागं किंवा गलाईला. सोनं-चांदी गाळायच्या त्या धंद्यानं विटा-आटपाडीची माणसं देशातल्या प्रत्येक मोठ्या शहरात पोचवली.

पाणी आलं ते आपोआप आलेलं नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या. डॉ. भारत पाटणकर, गणपतराव देशमुख अशी माणसं त्यात होती, आणि तेरा दुष्काळी तालुक्यांतली हजारो कुटुंबं होती. मावशीही गेली होती, भाकरी बांधून. मागणी साधी होती: पाणी जमिनीच्या मालकीच्या मापानं देऊ नका, प्रत्येक कुटुंबाला द्या. त्यातून समन्यायी वाटपाचा आटपाडी पॅटर्न पुढं आला, आणि उघड्या चाऱ्यांऐवजी बंद पाइपातून पाणी देण्याचं काम सुरू झालं. पाइपात पाझर नाही, बाष्पीभवन नाही, वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला मधेच फोडून घेणं अवघड.

शेजारच्या डाळिंबवाल्या भाऊंनी त्यांचा व्हॉल्व्ह दाखवला. विचारलं, बिल कोण भरतं?

"एक्याऐंशी टक्के सरकार, एकोणीस टक्के आमी. एकोणीस आमी भरू हो, पन आवर्तन येळेवर सोडा. बहार धरल्यावर पंधरा दिवस पाणी न्हाई आलं तर झाड काय खाणार?"

इथं माझं एक ठाम मत आहे, मावशीसमोरही मी ते सांगितलं. एवढी वीज जाळून चढवलेलं पाणी उसाला देऊ नये. डाळिंब, द्राक्ष, ज्वारी, चारा, भाजी, ठिबकवर जे येईल ते. मावशी म्हणाली, "ऊस लावतात कारण कारखाना दर सांगून घेतो. डाळिंबाला कोण सांगतंय?" हे उत्तर मला खोडता आलं नाही. पाण्याचा नियम करायचा तर मालाच्या दराचाही करावा लागेल.

मंगळवार : बलवडी, औदुंबर, सांगली, म्हैसाळ

परतीच्या वाटेवर विट्याच्या पुढं येरळेवरचं बळीराजा धरण पाहिलं. १९८० च्या दशकात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठेकेदारांचा वाळूउपसा थांबवला, थोडी वाळू स्वतः विकून त्या पैशात हे धरण बांधलं आणि भूमिहीनांसह सगळ्यांना पाण्याचा वाटा ठरवला. उसाला पाणी द्यायचं नाही हेही त्यांनीच ठरवलं होतं. छोटं धरण आहे. पण खोरं कसं चालवावं याचा आराखडा मला त्यात सगळ्यात पुरा दिसला.

किर्लोस्करवाडीवरून आलो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर कारखाना काढला आणि पुढं त्याच माळावरून देशभर पंप गेले. या खोऱ्याचं शेत पंपावर उभं राहायचं होतं आणि पंप तयार करणारं गाव याच खोऱ्यात होतं.

पलूस-भिलवडीच्या पट्ट्यात रस्त्याकडेला हळद शिजत होती, तो वास गाडीत भरून राहिला. दोन्ही बाजूंना ऊस. मधेच पांढऱ्या पडलेल्या जमिनी, मिठाची साय आल्यासारख्या. अति पाण्यानं क्षारपड झालेलं हे रान. वर आटपाडी तहानलेली आणि खाली जमीन पाण्यानंच नासलेली. निचऱ्याचे सच्छिद्र पाइप गाडून काही शेतकऱ्यांनी रानं पुन्हा पिकाखाली आणलीत, खर्च मोठा आहे.

औदुंबरला दत्ताचं दर्शन घेतलं आणि नावेतून पलीकडं भुवनेश्वरीला गेलो. नावाड्याला विचारलं, इथून सांगलीपर्यंत नाव जाईल?

"पाऊसकाळात जाईल, पर पाणी थांबू देणार न्हाई. उन्हाळ्यात बंधारे आडवे. बरगे घातले की पाणी मागं तुंबतं, म्होरं खडक उघडा."

कृष्णेवरचे हे बरगे म्हणजे फळ्या घालून पाणी अडवणारे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे शेतीसाठी फार उपयोगी, पण त्यांना नावा वर-खाली उतरवणारी लॉकची कोठी नाही. २०१६ च्या कायद्यानं राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ कृष्णेवर वाढवला तो विजयवाड्याकडून वर येत बागलकोट जिल्ह्यातल्या गलगलीपर्यंत. तिथंच तो थांबतो. महाराष्ट्रातली कृष्णा त्या नकाशात नाही. खालच्या अंगाला सर आर्थर कॉटनच्या काळापासून कालव्यांतून नावा चालत होत्या, तिथला उतार मंद, पाणी खोल. आपल्याकडे कोळशाचे तराफे चालतील असं मी म्हणत नाही, पात्र तसं नाही. पण सांगलीत श्रावणात होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा काठावर जी गर्दी होते, ती बघितली की ही गावं वल्हं विसरलेली नाहीत हे कळतं. २०१९ च्या ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली आणि कित्येक जीव गेले. काठावरच्या प्रत्येक गावात चांगली बोट आणि ती चालवणारी शिकलेली माणसं असणं, ही आपली नौकानयनाची पहिली पायरी आहे. ती चढायला कुठल्या लवादाची परवानगी लागत नाही.

दुपारी सांगली. आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्या खांबावर फुटांच्या खुणा आहेत: ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मामांनी खाली बोट केलं, मार्चमध्ये पाणी पायाशी.

पूर का येतो याचं सांगलीत प्रत्येकाकडे एक उत्तर आहे, आणि बहुतेकांचं उत्तर अलमट्टी, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेलं धरण. तिची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायला दुसऱ्या लवादानं मान्यता दिल्यापासून ही धास्ती वाढलीय. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीवर थेट बोट ठेवलं नाही. मला कोयनेवरून आल्यावर जास्त जाणवलं ते हे की धरण शेतीसाठी भरून ठेवायचं असतं आणि पुरासाठी रिकामं. दोन्ही एकदम होत नाही. जुलैअखेर किती भरायचं, किती जागा मोकळी ठेवायची, हा आकडा कोयना, वारणा, राधानगरी, अलमट्टी या सगळ्या धरणांनी मिळून ठरवायचा आहे. त्यात धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटातला पाऊस कुणाच्याच दरवाजात अडत नाही, तो थेट सांगलीत येतो. हरिपूरला वारणा आडवी येऊन मिळते आणि कृष्णेचं पाणी मागं रेटते. संगमेश्वराच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की ते डोळ्यांनी कळतं. हरिपूरची हळदीची पेवंही (जमिनीतली कोठारं) पुराच्या पाण्यातून सुटली नाहीत.

पुराचं पाणी वळवून दुष्काळी तालुक्यांकडे न्यायच्या प्रकल्पाला जागतिक बँकेचं साहाय्य मिळतंय. पूर आठ-दहा दिवसांचा, त्या दिवसांत पंप कितीही चालवले तरी त्यानं पुराची उंची किती इंच उतरेल हा प्रश्न मामांनी विचारला, आणि तो योग्य आहे. मात्र त्या दिवसांत माणदेशातले तलाव भरून घेता आले तर मावशीच्या गावचे टँकर नक्की कमी होतील. म्हणून मी त्या कामाच्या बाजूनं आहे, फक्त ते पूरनियंत्रण म्हणून सांगू नये.

संध्याकाळी म्हैसाळला गेलो. इथल्या पंपांनी मिरज, कवठे महांकाळ आणि जतला पाणी जातं. पंप चालू होते. चहाच्या टपरीवर मामांनी तिथल्या कर्मचाऱ्याला आवर्तन किती दिवसांचं, जतच्या टोकाला किती पोचतं, गळती कुठं, असं एकेक विचारायला सुरुवात केली, आणि तासभर दोघं जमिनीवर काडीनं कालव्याचे फाटे काढत बसले. कर्नाटकची हद्द इथून अगदी जवळ आहे. पावसाळ्यानंतर हिप्परगीच्या बंधाऱ्यावरून गलगलीपर्यंत जायचं आमचं ठरलंय, जिथून कागदावरचा जलमार्ग सुरू होतो तिथं नदीत प्रत्यक्ष काय चालतं ते बघायला. मामांनी जमखंडीच्या एस.टी.च्या वेळा टपरीवाल्याकडून लिहून घेतल्या.